मोटारीचा धूर आणि ग्राहकाची ‘जागरूकता’

दसरा-दिवाळीचा मोसम जवळ आला की बंगळूरच्या भांडवली वृत्तपत्रांना मोटारींचा पुळका येतो. पानभर जाहिरातींच्या शेजारीच सल्ल्याचे लेख छापले जातात : नवी गाडी घेताना ती कोणत्या ‘भारत स्टेज’ची आहे ते पाहा, धूर शुद्ध करणारी यंत्रणा कोणती बसवली आहे ते विक्रेत्याला विचारा, जागरूक ग्राहक बना, शहराची हवा वाचवा! या सल्ल्याचा मथितार्थ एवढाच की, हवा बिघडली ती ग्राहकाच्या अज्ञानामुळे आणि सुधारेल तीही ग्राहकाच्या शहाणपणामुळे. गाडी ज्याने बनवली, तिला प्रमाणपत्र ज्याने दिले, आणि शहराला बसऐवजी मोटारीच्या हवाली ज्याने केले, त्या तिघांचा या हिशेबात कोठेही पत्ता नाही.

याच्या उलट टोकाला आणखी एक चुकीची समजूत आहे आणि ती डाव्या चळवळीतल्या काही कार्यकर्त्यांतही आढळते. मोटार ही सुखवस्तूंची चैन. तिच्या धुराच्या यंत्रणेची चर्चा कामगारवर्गाच्या पत्राने कशाला करावी, असे ते विचारतात. बंगळूरच्या रस्त्यावर एक तास उभे राहिले तरी या प्रश्नाचे उत्तर मिळेल. विमानतळाच्या वाटेवर रात्रभर टॅक्सी हाकणारा चालक कर्ज काढून गाडी घेतो, तो काही चैनीसाठी नव्हे. पीण्याच्या कारखान्यातून घरी परतणारा कामगार, होसूर रोडवरची कपडे शिवणारी स्त्री, चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस यांच्यापैकी कोणाकडे मोटार नसेलही. पण धूर त्यांच्याच छातीत जातो, काचा बंद करून थंड हवेत बसलेल्याच्या नव्हे. बंगळूरच्या हवेतील धूलिकणांपैकी सुमारे ४२ टक्के एकट्या वाहतुकीतून येतात, असा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘टेरी’ या संस्थेच्या अभ्यासात निघाला होता. तेव्हापासून शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे.

तेव्हा ही यंत्रणा आहे तरी काय, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे. पेट्रोलच्या गाडीत धुराच्या नळीवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांच्या ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि रोडियम या धातूंचा अत्यंत पातळ लेप दिलेला असतो. त्याच्या सान्निध्यात विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे कमी घातक वायूंत रूपांतर होते. त्याच्या आधी बसवलेला ऑक्सिजन सेन्सर इंजिनाला किती हवा आणि किती इंधन द्यायचे हे ठरवण्यास मदत करतो. डिझेलच्या गाडीत प्रकरण अधिक अवघड. तेथे काजळी अडवण्यासाठी गाळणी लागते, तिला डीपीएफ म्हणतात. आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी काही गाड्यांत युरियाचे द्रावण धुरात फवारावे लागते. या सर्वांवर नजर ठेवतो तो गाडीतला संगणक. बिघाड झाला की चालकासमोरचा पिवळा दिवा लागतो तो त्याच्याच हुकमाने.

एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या सहाव्या टप्प्याच्या नियमांनी डिझेल मोटारीच्या काजळीची मर्यादा दर किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांची २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आणली. ही लहानसहान सुधारणा नव्हे. जे कोणी या नियमांना निव्वळ पाश्चात्त्यांचे अनुकरण म्हणून हिणवतात, त्यांनी पीण्याच्या कामगाराच्या फुफ्फुसाची चौकशी आधी करावी.

परंतु यंत्र ज्या परिस्थितीत चालते तिच्यापासून ते अलग करून पाहता येत नाही. डीपीएफमध्ये साठलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी धुराचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत चढावे लागते. मोकळ्या हमरस्त्यावर काही काळ सलग वेगाने गाडी चालली तर हे आपोआप घडते. बंगळूरमध्ये दहा किलोमीटर जायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो; सिल्क बोर्डच्या चौकात गाडी चालते कमी आणि उभीच अधिक राहते. तेथे गाळणी तुंबते, दिवा लागतो, इंजिन आपली ताकद स्वतःहून घटवते, आणि टॅक्सीचालकाचा दिवस गॅरेजमध्ये जातो. गॅरेजमध्ये त्याला काय ऐकवले जाते? तुमची गाडी चालवण्याची पद्धत चुकीची आहे! आठवड्यातून एकदा हमरस्त्यावर फेरी मारून आणा! मग गाडी विकताना ‘शहरासाठी सर्वोत्तम’ असे ज्यांनी छापले, त्यांनी हे शहर कधी पाहिलेच नव्हते काय? दिवसाच्या कमाईतून हप्ता, डिझेल आणि अॅपवाल्या कंपनीचा वाटा वजा झाल्यावर उरेल त्यातून त्याने हमरस्त्याची रिकामी फेरी मारावी, ही अपेक्षा ज्याने कधी हप्ता भरलेला नाही तोच करू शकतो.

त्या ठोकळ्यावरच्या धातूंचीही एक गोष्ट आहे. जगातील प्लॅटिनमचा बहुतांश साठा दक्षिण आफ्रिकेत निघतो. त्याच पट्ट्यात मारिकाना येथे १६ ऑगस्ट २०१२ रोजी पगारवाढीसाठी संपावर गेलेल्या ३४ खाणकामगारांना पोलिसांनी गोळ्या घालून ठार केले. खाण लॉनमिन या लंडनस्थित कंपनीची होती. बंगळूरच्या शोरूममध्ये ‘हरित तंत्रज्ञान’ म्हणून जे दाखवले जाते त्याच्या किमतीत हे रक्तही मिसळलेले आहे. पण ते कोणत्याही माहितीपत्रकात नमूद नसते.

आता नियमांच्या इतिहासाकडे वळावे, कारण राज्यकर्त्यांच्या वर्गीय दृष्टीचे याहून स्वच्छ चित्र क्वचितच सापडेल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो १९९५ साली, आणि तोही केवळ दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना. या यंत्राला शिसे चालत नाही. शिसेयुक्त पेट्रोल भरले की त्याचा लेप निकामी होतो. पण शिसेविरहित पेट्रोल देशभर मिळू लागले ते २००० साली. म्हणजे पाच वर्षे परिस्थिती अशी होती की, महानगराबाहेर गेलेली गाडी परक्या पंपावर चुकीचे पेट्रोल भरून आपले महागडे यंत्र मारूनच परत यायची. बंगळूरची गणना तर त्या चारांत नव्हतीच.

हीच दुटप्पी व्यवस्था पुढे अधिक थाटामाटात चालू राहिली. २०१० साली चौथ्या टप्प्याचे नियम लागू झाले ते १३ शहरांत. त्यांत दिल्ली व तिचा परिसर, मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद आदी होती, आणि महाराष्ट्रातले सोलापूरही होते. उरलेल्या देशाला तिसरा टप्पा. पुणे-बंगळूर हमरस्त्यावर नकाशा उघडून पाहावा : पुण्याला चौथा टप्पा, साताऱ्याला तिसरा, कोल्हापूरला तिसरा, बेळगाव, धारवाड, दावणगेरे, तुमकूर यांना तिसराच, आणि बंगळूरला पोचल्यावर पुन्हा चौथा! पुण्याच्या माणसाच्या फुफ्फुसाला ज्या हवेचा हक्क, तो कोल्हापूरच्या माणसाला नाही, असे सरकारने राजपत्रात छापून जाहीर केले होते. सात वर्षे ही विभागणी टिकली. त्यात तांत्रिक सबब इंधनाची दिली जाई. चौथ्या टप्प्याच्या डिझेलमध्ये दशलक्ष भागांत ५० भाग गंधक, तर तिसऱ्या टप्प्याच्या डिझेलमध्ये ३५० भाग. गंधक वाढले की धूर शुद्ध करणारी यंत्रणा मंदावते. सबब खोटी नव्हती; पण स्वच्छ इंधन आधी कोठे पोचवायचे हे ठरवताना कोणाच्या छातीचा विचार झाला, हा प्रश्न तिने मिटत नाही. शिवाय हमरस्त्यावर धावणाऱ्या ट्रकांना या शहरांच्या सीमा ठाऊक नव्हत्या. तिसऱ्या टप्प्याचा ट्रक ज्या रस्त्याने कोल्हापूरहून निघे त्याच रस्त्याने तो बंगळूरात शिरे, आणि ‘चौथ्या टप्प्याच्या’ शहराची हवा कागदावरच चौथ्या टप्प्याची राही.

१ एप्रिल २०१७ पासून चौथा टप्पा देशभर लागू होणार, हे कंपन्यांना वर्षानुवर्षे आधीपासून माहीत होते. तरीही त्या तिसऱ्या टप्प्याच्या गाड्या बनवीत राहिल्या आणि मुदत अगदी तोंडाशी आल्यावर ८ लाख २४ हजार वाहनांचा साठा दाखवून सर्वोच्च न्यायालयात रडू लागल्या. त्यांत पावणेसात लाखांच्या आसपास दुचाकी होत्या, म्हणजे सामान्य माणसाचे वाहन. त्यांचा युक्तिवाद असा की, बंदी आहे ती गाडी बनवण्यावर, विकण्यावर नव्हे! २९ मार्च २०१७ रोजी न्यायालयाने तो फेटाळला आणि लोकांचे आरोग्य कंपन्यांच्या व्यापारी हितापेक्षा मोठे ठरवले. मग दोन दिवसांत जे घडले ते साऱ्या देशाने पाहिले. दुचाकींवर हजारोंच्या सवलती जाहीर झाल्या, विक्रेत्यांच्या दारात रांगा लागल्या, माल संपल्याच्या पाट्या झळकल्या. जी गाडी न्यायालयाने उद्यापासून अयोग्य ठरवली ती आज स्वस्तात गरिबाच्या गळ्यात मारली गेली, आणि तिचा धूर पुढे वर्षानुवर्षे शहरात राहिला. बंदीची मागणी करणाऱ्यांत पुण्याची बजाज कंपनीही होती हे खरे. परंतु तिने आपले उत्पादन आधीच बदलले होते आणि प्रतिस्पर्ध्यांचा साठा बुडाला तर तिचा फायदाच होता. भांडवलदारांच्या आपसातल्या भांडणातून कधीकधी जनतेच्या पदरात काही पडते, पण त्याला सदाचार म्हणण्याचे कारण नाही.

तीन वर्षांनी याच नाटकाचा दुसरा प्रयोग झाला. सहाव्या टप्प्याची तारीख जानेवारी २०१६ मध्येच जाहीर झाली होती. न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती ठासून सांगितली. तरी मार्च २०२० मध्ये टाळेबंदीचे निमित्त सांगून विक्रेते पुन्हा दारात उभे. शिल्लक साठ्याच्या दहा टक्के गाड्या टाळेबंदीनंतर दहा दिवस विकण्याची सवलत मिळाली. तिचा गैरवापर झाल्याचे दिसून येताच जुलैमध्ये न्यायालयाला ती मागे घ्यावी लागली.

याच काळात दुसरीकडे काय चालले होते? गंधकाचे प्रमाण दशलक्षांत १० भागांवर आणायचे म्हणजे देशातील तेलशुद्धीकरण कारखान्यांत हजारो कोटींची नवी यंत्रसामग्री उभी करावी लागणार होती. हे काम सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांच्या इंजिनिअर-कामगारांनी मुदतीत पार पाडले. दिल्लीला तर दोन वर्षे आधीच, एप्रिल २०१८ मध्ये, नवे इंधन मिळाले. खाजगी मोटार कंपन्या तारखा पुढे ढकलण्यासाठी वकील उभे करीत असताना ज्या सार्वजनिक उद्योगांनी हे करून दाखवले, त्यांपैकी भारत पेट्रोलियम ही कंपनी विकून टाकण्याचा निर्णय केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये घेतला! कामगारांचा विरोध होता आणि पुरेसे गिऱ्हाईकही उरले नाही, म्हणून मे २०२२ मध्ये ती विक्री गुंडाळावी लागली. मोटारविषयक पुरवण्यांत याचा उल्लेख सापडणार नाही. तेथे स्वच्छ इंधन जणू पंपातून आपोआप उगवते.

आता खुद्द प्रमाणपत्राकडे पाहावे. ग्राहकाने प्रमाणपत्र पाहून गाडी घ्यावी म्हणतात. पण ते प्रमाणपत्र कसे मिळते? जनरल मोटर्सने जुलै २०१३ मध्ये २००५ पासून विकलेल्या १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत बोलावल्या. तपासणीसाठी कमी धूर सोडणारी इंजिने निवडून बसवायची आणि ग्राहकाला वेगळी द्यायची, असा प्रकार उघडकीस आला होता. सरकारी समितीने त्याला कंपनीची फसवणूक म्हटले. कंपनीने काही अधिकाऱ्यांना काढून हात झटकले. पुढे २०१७ मध्ये तिने भारतातील विक्रीच बंद केली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचा कारखाना थांबवला आणि त्यानंतर तेथील चौदाशेवर कामगारांना घरी बसवले. ज्यांनी इंजिने बदलली त्यांच्यासाठी अमेरिकेत घर होते. ज्यांनी बोल्ट आवळले त्यांच्यासाठी मावळात न्यायालयाच्या तारखा.

सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण बाहेर आले. गाडी चाचणीवर आहे की रस्त्यावर हे ओळखून, चाचणीपुरताच धूर स्वच्छ करणारा संगणकी कार्यक्रम या कंपनीने जगभर १ कोटी १० लाख गाड्यांत बसवला होता. भारतात तिने ३ लाख २३ हजारांच्या वर गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दोनच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईपासून कंपनीला संरक्षण दिले. अमेरिकेतील ग्राहकांना कंपनीने गाड्या परत घेऊन पैसे मोजले. एकाच इंजिनासाठी, एकाच लबाडीसाठी, दोन देशांतल्या ग्राहकांची किंमत वेगवेगळी!

आणि तिसरे प्रकरण तर बंगळूरच्या दारातलेच. २९ जानेवारी २०२४ रोजी टोयोटा इंडस्ट्रीजने कबूल केले की, तीन डिझेल इंजिनांच्या शक्तिचाचणीच्या वेळी विक्रीच्या गाड्यांतल्यापेक्षा वेगळा संगणकी कार्यक्रम वापरला गेला होता. फोर्कलिफ्टच्या इंजिनांच्या धूर-चाचणीत गैरप्रकार झाल्याचे तर याच कंपनीने २०२३ मध्ये सांगितले होते. या इंजिनांवर चालणाऱ्या इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स या गाड्यांची भारतातील रवानगी काही दिवस थांबवावी लागली. या गाड्या बनतात बंगळूरपासून तीसेक किलोमीटरवरच्या बिडदीला. टोयोटा इंडस्ट्रीजची डिझेल इंजिने बनवणारी फॅक्टरी आहे बंगळूरजवळच्याच जिगणीला. आणि बिडदीच्या कंपनीत ११ टक्क्यांची भागीदारी आहे ती किर्लोस्कर या मराठी माणसाला परिचित घराण्याची. कंपनीचे म्हणणे असे की, केवळ आलेख जरा गुळगुळीत दिसावा एवढ्यासाठी तो प्रकार झाला. शक्ती वा धूर यांत फरक नाही. हे म्हणणे शब्दशः खरे मानले तरी मूळ मुद्दा उरतोच : परीक्षेला बसलेले इंजिन एक आणि बाजारात आलेले दुसरे.

याच बिडदीत नोव्हेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात काय घडले, हे शेजारी ठेवून पाहावे. कामाचा असह्य वेग आणि युनियनच्या पदाधिकाऱ्याचे निलंबन यांच्या विरोधात कामगार उठले, तेव्हा कंपनीने टाळेबंदी पुकारली आणि अनेकांवर शिस्तभंगाची कारवाई केली. कामगाराने जागा सोडली की काही मिनिटांची नोंद होते. इंजिनाच्या चाचणीत कार्यक्रम बदलला गेला, तो मात्र वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस आला नाही.

नजर ठेवणार कोण? नव्या मॉडेलला मान्यता देणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक पुण्याची एआरएआय. ती १९६६ साली स्थापन केली मोटार उद्योगाने, केंद्र सरकारच्या सहयोगाने. तेथील इंजिनिअरांच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण परीक्षार्थींनीच स्थापन केलेल्या विद्यापीठाचे निकाल जनतेने डोळे मिटून मान्य करावेत, ही अपेक्षा विचित्र आहे. एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावर, गाडीला मापक यंत्र जोडून तपासणी करण्याचा नियम आला, हे योग्य पाऊल होय. मात्र कोणते मॉडेल रस्त्यावर किती धूर सोडते, हे सामान्य खरेदीदाराला शोरूममध्ये दाखवले जात नाही. जागरूक तरी त्याने कशाच्या आधारे व्हायचे?

वापरातल्या गाडीची स्थिती याहून केविलवाणी. पीयूसी केंद्रावर पेट्रोलच्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड व न जळालेले इंधन मोजतात, तेही गाडी उभी असताना. डिझेलचा काळेपणा पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडे, ज्यांच्यासाठी फोक्सवॅगनने सारा खटाटोप केला, ती तेथे मोजलीच जात नाहीत. डीपीएफची गाळणी काढून रिकामी नळी जोडलेली गाडीही अनेकदा येथून निभावून जाते. अशी गाळणी काढून टाकणे गुन्हाच आहे आणि त्याने शेजाऱ्याच्या छातीत काजळी जाते. त्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु चालकाला त्या वाटेला कोण लावतो? नव्या गाळणीची किंमत त्याच्या दोनचार महिन्यांच्या कमाईएवढी ठेवणारी कंपनीच. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात मालकाने केलेल्या प्रत्येक फेरफाराला ५ हजार रुपये दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली, आणि कंपनीला १०० कोटींपर्यंत दंडाची तरतूदही आली. पहिली तरतूद रस्त्यावर रोज भेटते. दुसरीची गाठ कोणत्या कंपनीशी पडली?

त्याच दुरुस्तीच्या कलम ११०-अ नुसार पर्यावरणास घातक दोष असलेली गाडी परत बोलावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. २०२१ पासून त्याचे नियमही आहेत. परंतु ठरावीक संख्येने मालकांनी तक्रारी नोंदवल्या तरच चक्र फिरते. टॅक्सीचालकांच्या संघटनांनी ही वाट हाती घेतली पाहिजे. तुंबलेल्या गाळणीबद्दल एकेकट्याने गॅरेजवाल्याशी हुज्जत घालण्याऐवजी एकाच मॉडेलच्या शेकडो तक्रारी एकत्र नोंदवल्या, तर ‘चालवण्याची पद्धत चुकीची’ हे उत्तर पुरणार नाही. धूर-यंत्रणेची हमी व्यावसायिक गाड्यांनाही कर्जाच्या मुदतीइतकी मिळावी, कारखान्याच्या दारातून नव्हे तर चालत्या रस्त्यावरून निवडलेल्या गाड्यांची तपासणी सरकारी खर्चाने व्हावी, निकाल मॉडेलवार कन्नडमध्ये आणि प्रत्येक राज्याच्या भाषेत छापले जावेत, आणि तपासणी मंडळावर कामगार संघटनांचे प्रतिनिधी असावेत, या मागण्यांत अशक्य असे काय आहे?

राहता राहिले कर्नाटक सरकार. नव्या मोटारीवर किमतीच्या १३ ते १८ टक्के आजीवन कर ते घेते, म्हणजे प्रत्येक गाडी विकली गेली की तिजोरीत भर पडते. जून २०२३ मध्ये स्त्रियांना बसप्रवास मोफत करण्याचे त्याचे पाऊल स्वागतार्ह होते. लाखो कष्टकरी स्त्रियांनी त्याचा लाभ घेतला. पण जानेवारी २०२५ मध्ये बसभाडे १५ टक्क्यांनी वाढले आणि पुढच्याच महिन्यात मेट्रोचे तिकीट इतके महाग झाले की लोक पुन्हा दुचाकी बाहेर काढू लागले. एक कोटीहून अधिक वाहनांच्या या शहरात बंगळूर महानगर परिवहन मंडळाकडे बस आहेत सात हजारांच्या आसपास. आजीवन कराची रक्कम थेट बसखरेदीला आणि चालक-वाहकांच्या कायम भरतीला लावण्याची मागणी परिवहन कामगारांनी पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी विधानसौधासमोर मांडली पाहिजे.